धोतर, ट्रक, भोंगा आणि एक आरोळी

दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी १० वाजून ५९ मिनिटांनी देशभर भोंगे वाजवायचे, असा सरकारी शिरस्ता आहे. एक मिनिट भोंगा, अकराच्या ठोक्याला दोन मिनिटं स्तब्धता, आणि ११ वाजून २ मिनिटांनी ती संपल्याचा पुन्हा भोंगा. गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या संध्याकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी. स्तब्धता मात्र पाळली जाते ती शाळा भरलेल्या असताना, कचेऱ्या आणि कारखाने चालू असताना. हातातलं काम थांबवून आठवायचं, अशी ही रीत. पाळीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या वालचंदनगरसारख्या गावाला तिचं मोल वेगळं सांगायला नको.

राजकीय हत्या काही सेकंदांत उरकते. मागे उरतं ते एखादं कापड, एखादी गाडी, एखादा आवाज. यातलं काय जपलं गेलं, कुठे ठेवलं गेलं, आणि काय हातातून निसटलं, त्याच्या या गोष्टी. बऱ्याचशा आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या आहेत.

घड्याळाकडे न पाहिलेली संध्याकाळ

प्रार्थनेला एक मिनिटही उशीर न खपणारा माणूस त्या दिवशी सुमारे दहा मिनिटं उशिरा निघाला, कारण सरदार पटेलांशी बोलणं लांबलं होतं. बिर्ला हाऊसच्या हिरवळीवरून चालताना नात्यातल्या आभाने बापूंना छेडलं: तुमच्या घड्याळाला वाटत असेल, आज आपल्याकडे कुणी बघतच नाही. बापू म्हणाले, माझी वेळ पाळायला तुम्ही आहात की! नंतर काही पावलांवरच सोबत चालणाऱ्या, नात्यातल्याच मनूच्या हातातली जपमाळ आणि पिकदाणी खाली पडली.

कमरेला लटकणारं ते इंगरसोल घड्याळ अगदी साधं, स्वस्तातलं. दिल्लीत राजघाटासमोरच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात त्या संध्याकाळच्या वस्तू आहेत: रक्ताने माखलेलं धोतर, शाल आणि एक गोळी. या संग्रहालयाचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी १९६१ साली ३० जानेवारीलाच केलं. तिकडे मदुराईत, राणी मंगम्मालच्या जुन्या राजवाड्यात १९५९ साली सुरू झालेल्या गांधी संग्रहालयातही रक्ताचे डाग पडलेलं वस्त्र आहे. एका माणसाच्या अंगावरचं कापड देशाच्या दोन टोकांना जपलेलं आहे.

संग्रहालयात माणसं गोळी शोधतात, असा अनुभव आहे. मी सांगेन, आधी धोतर बघा. त्याचं सूत बघा. ज्याने देशाला हाताने कातायला लावलं, त्याच्या अंगावर शेवटच्या क्षणी काय होतं ते तिथे दिसतं. गोळी तर कुणाचीही असू शकते.

साबणाऐवजी दगड

बिर्ला हाऊस सरकारने १९७१ साली ताब्यात घेतलं आणि १५ ऑगस्ट १९७३ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. आता त्याचं नाव गांधी स्मृती, आणि रस्त्याचं नाव तीस जनवरी मार्ग. बापूंच्या खोलीपासून ते कोसळले तिथपर्यंत जमिनीवर सिमेंटची पावलं उमटवलेली आहेत, शेवटच्या चालीची. खोलीतली सारी मालमत्ता एका नजरेत मावते: चष्मा, काठी, सुरी, काटा, चमचा आणि अंग घासायचा एक खडबडीत दगड. साबणाऐवजी ते तोच वापरत.

त्या जागेवरची मातीही लोकांनी उचलून नेली. चिमूटभर माती आणि गवताच्या काही काड्या फिरत फिरत थेट इंग्लंडला पोचल्या आणि एप्रिल २०१२ मध्ये तिथल्या लिलावात १०,००० पौंडांना विकल्या गेल्या. असल्या वस्तूंचा लिलाव मला पटत नाही. ती माती कुणाच्या कपाटात पडून राहण्यापेक्षा शाळेतल्या पोरांना बघता येईल अशा जागी हवी.

इंजिन बंद ठेवलेली गाडी

यंत्रांच्या गावाला ही गोष्ट आवडेल. ३१ जानेवारी १९४८ च्या अंत्ययात्रेसाठी डॉज कंपनीच्या लष्करी गाडीवर चौथरा बांधला होता, पण इंजिन सुरूच केलं नाही. लष्कर, नौदल आणि हवाई दलाच्या दोनशे जवानांनी दोर लावून ती गाडी यमुनेपर्यंत ओढत नेली. जन्मभर सैन्याविना लढलेल्या माणसाला सैनिकांनी हातांनी ओढून पोचवलं.

पुढचा प्रवास आगगाडीचा. अस्थी दिल्लीहून अलाहाबादला निघाल्या त्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून, कारण बापू त्याच वर्गाने फिरत. १२ फेब्रुवारीला संगमावर अस्थिकलश ज्या ट्रकमधून नेला तो फोर्ड व्ही-८ अलाहाबाद संग्रहालयात आजही उभा आहे. लोक पुतळ्यांना हार घालतात, ट्रकला कोण घालणार! पण गर्दीतून वाट काढत कलश पोचवणारं ते वाहन कुणीतरी भंगारात जाऊ दिलं नाही, ही मला मोठी गोष्ट वाटते.

बँकेच्या तिजोरीत, नाईलच्या उगमाशी

अस्थींचा प्रवास संगमावर थांबला नाही. देशभर कलश पाठवले गेले होते. त्यातला एक ओडिशात कटकच्या स्टेट बँकेच्या तिजोरीत पडून राहिला. तो बाहेर काढून संगमात विसर्जन केलं ते १९९७ साली, ३० जानेवारीला. दुसरा एक कलश दुबईच्या एका व्यावसायिकाकडून मुंबईच्या मणिभवन या गांधी संग्रहालयात आला आणि ३० जानेवारी २००८ रोजी गिरगाव चौपाटीसमोरच्या समुद्रात त्याचं विसर्जन झालं. म्हणजे हत्येला साठ वर्षं झाली त्या दिवशी अंत्यविधीचा एक भाग उरकला जात होता! युगांडात जिंजा इथे, नाईल नदीच्या उगमापाशी, बापूंचं स्मारक आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या एका तळ्याकाठी चिनी बनावटीच्या प्राचीन दगडी पेटीत अस्थींचा अंश आहे. कन्याकुमारीच्या मंडपाची रचना अशी, की २ ऑक्टोबरला सूर्याचा किरण बरोबर कलश ठेवलेल्या जागी पडतो.

आणि आपल्या पुण्यात? आगाखान पॅलेसच्या आवारात. १५ ऑगस्ट १९४२ ला बापूंचे सचिव महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा यांनी इथेच कैदेत प्राण सोडले. दोघांच्या समाध्यांजवळ बापूंच्या अस्थींचा अंशही आहे. पुण्याचं दुसरं सत्यही सांगायला हवं. खुन्याच्या अस्थीसुद्धा याच शहरात जपून ठेवलेल्या आहेत. कटाचे धागे इथल्याच एका वर्तमानपत्राच्या कचेरीत विणले गेले. एका शहरात दोन्ही आहेत, तेव्हा मुलांना घेऊन कुठे जायचं हे ज्याने त्याने ठरवायचं. मी आगाखान पॅलेसला जाते.

न झालेलं ध्वनिमुद्रण

गांधीजी आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर आयुष्यात एकदाच गेले, १२ नोव्हेंबर १९४७ ला. कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांना भेटायला जाणं जमलं नाही, म्हणून त्यांच्याशी रेडिओवरून बोलले. आज तो दिवस लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळतात. बिर्ला हाऊसवरच्या प्रार्थनेनंतरची त्यांची भाषणं मात्र आकाशवाणी नेमाने ध्वनिमुद्रित करत होती. त्यामुळे शेवटच्या महिन्यांतला तो आवाज, थकलेला, हळू, पण एकही शब्द वाया न घालवणारा, आज ऐकायला मिळतो. ३० जानेवारीचं भाषण झालंच नाही, म्हणून त्याची फीत नाही.

गोळ्या लागल्यावर त्यांच्या तोंडून काय निघालं याचीही फीत नाही. शेजारी चालणाऱ्या मनूने ‘हे राम’ ऐकलं आणि तेच शब्द राजघाटावर कोरले गेले. फीत नाही म्हणून त्यावर वाद घालणारे आजही वाद घालतात. माझ्यापुरती अंगाला अंग लावून चालणाऱ्या मुलीची साक्ष पुरेशी आहे. तिची गुजराती रोजनिशी आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

त्या रात्री नेहरू रेडिओवर बोलले ते हातात कागद न घेता. आपल्या आयुष्यातला प्रकाश गेला, असं सांगणारं ते भाषण जगातल्या गाजलेल्या भाषणांत गणलं जातं. छापील मजकूर पुष्कळांनी वाचलेला असतो. पण ते ऐकायला हवं, कारण मधले विराम छापता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी मेलव्हिल डी मेलो यांनी अंत्ययात्रेचं धावतं वर्णन सलग सुमारे सात तास केलं. आजच्या अखंड चालणाऱ्या वाहिन्यांच्या काळात हे किरकोळ वाटेल. तेव्हा एका गाडीत एक माणूस, एक माइक आणि त्यापलीकडे सारा देश होता.

वालचंदनगरकरांसाठी एक तारीख. त्याच नेहरूंनी त्यानंतर दीड महिन्याने, १४ मार्च १९४८ ला, विशाखापट्टणमला ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात सोडलं. स्वतंत्र भारतात बांधलेलं हे पहिलं मोठं जहाज ज्या गोदीत तयार झालं ती सिंधिया कंपनीची, म्हणजे शेठ वालचंद हिराचंदांची. आणि १९४१ साली त्या गोदीची कोनशिला बसवली होती राजेंद्रप्रसादांनी, ज्यांनी पुढे राजघाटासमोरचं संग्रहालय उघडलं. शोक आणि उभारणी एकाच वसंतात, त्याच माणसांच्या हातून चालली होती.

ध्वनीची आणखी एक नवल वाटावी अशी करामत: राष्ट्रीय गांधी संग्रहालयाने बापूंच्या जुन्या हृदयआलेखावरून त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांचा आवाज तयार करून घेतला. ज्या छातीवर गोळ्या लागल्या, तिचे ठोके तिथे ऐकू येतात.

यंत्राशिवाय टिकलेली आरोळी

आवाज जपायला फीत लागतेच असं नाही. ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाडा, गणेशोत्सवाचे दिवस. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे मारायला आलेल्या गारद्यांपासून जीव वाचवत काका राघोबादादांकडे धावले. ‘काका, मला वाचवा’ हे तीन शब्द अडीचशे वर्षं महाराष्ट्राच्या कानात आहेत. मारेकऱ्यांतला सुमेरसिंग गारदी कोण, हे सांगणारा पहिलीतला पोरगा सापडणार नाही, पण ती आरोळी त्याला ठाऊक असते.

ज्या दालनांत हे घडलं ती १८२८ च्या आगीत गेली. तट, दरवाजे, जोती आणि कारंजी तेवढी उरली. पण वाड्याच्या एका लहान दरवाजाला आजही नारायण दरवाजा म्हणतात. नारायणरावांचा देह तिथून बाहेर नेला, म्हणून ते नाव. आणि एक आठवण दगडात नाही, वागण्यात आहे: न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुद्द राघोबादादांना दोषी ठरवलं आणि पुण्याची चाकरी सोडली. वाड्यात जाणाऱ्यांनी अमावास्येच्या भुताच्या गोष्टी जरूर ऐकाव्यात, पण शास्त्रीबुवांची गोष्ट ऐकल्याशिवाय बाहेर पडू नये.

तारखेचं नाव घेतलेला चित्रपट

२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी आटोपून प्लेग अधिकारी रँड गणेशखिंड रस्त्याने परतत होता. ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची हाक आली आणि गोळ्या सुटल्या. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, तो मूळ निशाणा नव्हताच. रँड ३ जुलैला ससूनमध्ये गेला. तीन चापेकर बंधू आणि महादेव रानडे फासावर गेले. गणेशखिंड रस्त्यावर त्या जागेची खूण आहे, चिंचवडला चापेकरांचा वाडा स्मारक म्हणून उभा आहे, आणि नचिकेत व जयू पटवर्धन यांच्या १९७९ च्या चित्रपटाचं नावच आहे ‘२२ जून १८९७’.

पुण्याच्या दोन इमारती चापेकरांच्या आणि गांधीजींच्या कथांना जोडतात. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ ला फाशी झाली ती येरवड्यात, आणि गांधीजींचे कैदेतले कितीतरी महिने गेले तेही येरवड्यात. रँडने प्राण सोडला ते ससून, आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींचं अपेंडिक्स काढलं तेही ससून. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं केलं! ती खोली रुग्णालयाने जपली आहे. इंग्रज डॉक्टरने इंग्रजांच्या कैद्याला कंदील धरून वाचवलं, ही आठवण मला पिस्तुलांच्या सगळ्या आठवणींपेक्षा मोलाची वाटते.

गांधीजींवर घाला घालायचे आधीचे काही प्रयत्नही पुण्यात आणि पुण्याच्या वाटेवर झाले. २५ जून १९३४ ला पुणे नगरपालिकेच्या मानपत्राला जाताना बॉम्ब पडला, तो दुसऱ्याच मोटारीवर. जून १९४६ मध्ये पुण्याकडे येणाऱ्या त्यांच्या गाडीच्या वाटेत, नेरळ आणि कर्जतच्या दरम्यान, रुळांवर धोंडे ठेवलेले होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ते उरुळीकांचनला राहून निसर्गोपचार आश्रम सुरू करून गेले होते. तो आश्रम आजही चालू आहे, सोलापूर रस्त्याने पुण्याला जाताना वाटेतच. आपल्याकडून निघालेल्या कुणालाही थांबता येईल.

ज्याचं संग्रहालय नाही

एक दालन महाराष्ट्रात कुठेच नाही. खुनी पुण्याचा आणि ब्राह्मण, हे कळल्यावर फेब्रुवारी १९४८ मध्ये सातारा, सांगली, कोल्हापूरकडे निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरं जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. कितीतरी घरं गाव सोडून कायमची शहरात गेली. अहिंसेच्या पुजाऱ्याच्या नावाने हे झालं, याहून मोठा त्याचा अपमान कोणता?

या जाळपोळीची वस्तू कुठे काचेत ठेवलेली मला दिसली नाही. दिसली ती व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ या छोट्या कादंबरीत. शंभर-सव्वाशे वर्षांच्या चौकटी, कडीपाट, धान्याची कणगी, दस्तऐवजाच्या पेट्या क्षणात गेल्या. जळलेल्याचं संग्रहालय करता येत नाही, पण त्याची साक्ष नोंदवून ठेवता येते. ती नोंदवायचं काम पुष्कळ उरलं आहे.

जगाच्या काचेआड

आता भराभर. दिल्लीत १, सफदरजंग रोडला इंदिरा गांधींची ३१ ऑक्टोबर १९८४ ची साडी आहे, गोळ्यांची भोकं तशीच असलेली. त्या शेवटच्या चालल्या ती पायवाट काचेने झाकली आहे. त्या दिवशी ब्रिटिश अभिनेते पीटर उस्तिनोव मुलाखतीसाठी कॅमेरा लावून बागेत वाट बघत होते. तिथेच राजीव गांधींच्या २१ मे १९९१ च्या कपड्यांचे अवशेष आणि बूट आहेत. बुटांवरून त्यांची ओळख पटली होती. श्रीपेरुंबुदूरला स्फोटात मेलेल्या छायाचित्रकाराचा कॅमेरा शाबूत राहिला, आणि त्यातल्या दहा छायाचित्रांनी सारा कट उलगडला.

लिंकनच्या खिशातल्या वस्तू त्याच्या नातीने १९३७ साली अमेरिकेच्या ग्रंथालयाला दिल्या आणि लोकांना दाखवल्या गेल्या १९७६ साली: दोन चष्मे, त्यातला एक दोऱ्याने बांधलेला, चाकू, रुमाल, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि शत्रुपक्षाची पाच डॉलरची एक नोट. व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात १९१४ ची ती मोटार आहे जिच्यात आर्चड्यूक फर्डिनंड मारला गेला आणि पहिलं महायुद्ध पेटलं. तिचा क्रमांक ए-३-११८. रोमन तीन म्हणजे तीन उभ्या रेघा, त्यांना एक वाचलं की होतं ११-११-१८, युद्धबंदीची तारीख! निव्वळ योगायोग, पण अंगावर काटा येतो. केनेडींच्या हत्येची झाप्रुडरची चित्रफीत २६ सेकंदांची, आणि अमेरिकी सरकारने तिच्यासाठी १ कोटी ६० लाख डॉलर मोजले. जॅकी केनेडींचा गुलाबी पोशाख बंद पेटीत आहे, २१०३ सालापर्यंत तो कुणाला दाखवायचा नाही. इस्राएलचे राबिन १९९५ साली शांतिसभेत गाणं म्हणून खाली उतरले आणि गोळ्या लागल्या. गाण्याचा रक्ताळलेला कागद जपलेला आहे.

मार्टिन ल्युथर किंग यांच्या खुनाची जागा, मेम्फिसचं लॉरेन मोटेल, आता संग्रहालय आहे आणि ३०६ क्रमांकाची खोली तशीच ठेवली आहे. त्यांच्या आयुष्यात दुसरीही एक खोली होती, आपल्या मुंबईतली. १९५९ साली ते पत्नीसह मणिभवनात मुक्कामाला राहिले, हॉटेल नको म्हणाले. भारत सोडताना ९ मार्चला आकाशवाणीवर बोलले. गांधींच्या खुनाला अकरा वर्षं झाली होती, किंगना नऊ वर्षं उरली होती. ते ध्वनिमुद्रणही आकाशवाणीच्या संग्रहात आहे.

आपल्या तालुक्यात

३० जानेवारी १९४८ ला ज्यांना कळतं वय होतं, ते आता नव्वदीत आहेत. इंदापूर, बारामती, कळंब, लासुर्णे, नीरेपलीकडे नातेपुते, सगळीकडे अशी थोडी माणसं अजून बोलती आहेत. तेव्हा बातमी कुणी सांगितली, गावात रेडिओ कुणाकडे होता, त्या रात्री चूल पेटली का, पुढच्या आठवड्यात कुणाचं घर जळालं आणि कुणी कुणाला लपवलं, एवढं विचारा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करून तो मध्ये ठेवा आणि मध्ये बोलू नका. नाव, गाव, तारीख सुरुवातीलाच त्यांच्या तोंडून म्हणवून घ्या. एक प्रत शाळेच्या वाचनालयात द्या, एक पुण्याला जाताना भारत इतिहास संशोधक मंडळात विचारून बघा, आणि घरातले जुने कागद असतील तर ते मात्र देऊन टाकायच्या आधी स्वच्छ उजेडात फोटो काढून ठेवा.